इंग्रजाचा हात

सुखदेवभाऊंची चूक होऊ शकते असं मला कोणी आधी सांगितलं असतं, तर मी त्या माणसाला कचेरीच्या पायऱ्या उतरायला लावल्या असत्या. आणि मी तसं केलेलंही आहे. शस्त्र परवान्याच्या शाखेत मी एकोणतीस वर्षं काढली. त्यात कितीतरी ठेकेदार, दोन-तीन पुढाऱ्यांचे भाचे आणि स्वतःला राजघराण्यातला म्हणवणारा एक इसम मी पायऱ्या उतरवलेत. बाई आहे म्हणून टेबलावर हात आपटून बोलणाऱ्याची फाईल माझ्याकडे मुद्दाम तीन दिवस उशिरा हलायची. हे चांगलं नाही, पण आहे ते आहे. सांगायचं इतकंच की माझा विश्वास सहसा कोणावर बसत नाही. सुखदेवभाऊंवर बसला होता, पुरता बसला होता. म्हणून तर निवृत्त झाल्यावरही दुपारी जेवून जरा आडवं झालं, की ते सगळं आठवतं आणि मी धसकून उठून बसते.

लकडगंजात लाकूड कापायच्या आरा मशिनींच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. बंदूक दुरुस्तीचा परवाना होता, पण त्यांचं खरं काम कुंद्याचं. बंदुकीचा खांद्याला टेकतो तो लाकडी भाग म्हणजे कुंदा. लोक बंदूक म्हटली की नळीकडे पाहतात, हे लाकडाकडे पाहायचे. परवान्याच्या नूतनीकरणाला दरवर्षी माझ्या टेबलाशी यायचे. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन चष्मे, नखांत कायम भुसा. कागद एवढे चोख की मला खेकसायला जागाच नसायची, आणि त्याचाच मला सुरुवातीला राग यायचा.

आमच्या अर्जात एक रकाना असे, बनावट, म्हणजे कोणी कुठं बनवली, आणि वर्ष. वारसाहक्कानं आलेल्या बंदुकीचे अर्ज आले की त्या रकान्यात लोक काय वाट्टेल ते लिहीत. लंडन. इंग्रजांच्या जमान्याची. एकानं तर 'आजोबांची' एवढंच लिहिलं होतं. साहेब माझ्यावर डाफरले, की बाई, हे काय स्वीकारता तुम्ही? मग मी असे सगळे अर्जदार सुखदेवभाऊंकडे पाठवायला लागले. ते बंदूक बघून चिठ्ठी लिहून देत, कोणत्या गावची, अंदाजे कोणत्या वीस वर्षांतली, अस्सल की नक्कल. ती चिठ्ठी फाईलला लागली की साहेब सही करत. चार साहेब बदलले, पण चिठ्ठीवर कोणी शंका घेतली नाही.

त्यांची बघायची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसूच आलं. बंदूक हातात आली की आधी उघडून ती रिकामी आहे का ते पाहायचं, डोळ्यानं एकदा आणि बोट घालून एकदा. नुसती नळी आणली तरी हेच. मग खिशातून चिकटपट्टी काढायची, तीच आपली जखमेला लावायची, आणि बनवणाऱ्याचं नाव जिथं कोरलेलं असतं त्यावर नीट चिकटवून टाकायची. नाव झाकल्याशिवाय पुढं हात लावायचा नाही.

"काहून झाकता?" मी विचारलं.

"नाव वाचलं का डोये आंधळे होतेत, मॅडम. मंग मानूस जे पाह्यचं हाये ते पाह्यतच नाही. नाव तं कोनीबी कोरते. दीडदमडीच्या बंदुकीवर लंडनचं नाव कोरून बेल्जमवाल्यानं अर्ध्या दुनियेले फसवलं."

सगळं पाहून झालं, चिठ्ठी मनात तयार झाली, की मग पट्टी काढायची आणि नाव वाचायचं. माणसांच्या बाबतीतही त्यांचं तेच. नागपुरात ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला आडनाव विचारतात, आणि ते कशासाठी हे काय मी सांगायला हवं का? सुखदेवभाऊंनी कधी कोणाला आडनाव विचारलं नाही. त्यांना मात्र सगळे विचारत. ते सांगत, समोरच्याचा चेहरा किंचित बदले, आणि ते चहा बशीत ओतायला लागत.

बंदुकांत जन्म गेला, पण हा माणूस कधी एक गोळी झाडायला तयार नव्हता. दिवाळीत कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसायचे. त्यांची मुलगी सांगायची, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाबांना जेवायला हाक मारली तर ऐकूच जात नाही, खुणेनं बोलवावं लागतं. मी चिडवलं तर म्हणाले, "आवाज कायले पाहिजे? दाई काय रडत बसते का बाळासोबत?" मला काही तो दाखला नीट कळला नाही, पण त्यांना तो फार आवडायचा.

एकदा एक ठेकेदार आला, गळ्यात जाड साखळी. बंदूक जर्मन होती. पणजोबांना भोसल्यांच्या दरबारातून मिळाली म्हणे, दीडशे वर्षांची आहे. सुखदेवभाऊंनी नळ्या वेगळ्या केल्या, खालच्या सपाट भागावर भिंग धरलं आणि मला बोलावलं. तिथं मोहरीएवढे आकडे ठोकलेले. जर्मनीत काही काळ नळीची चाचणी झाली की महिना आणि साल ठोकायचे, ते त्या दिवशी मला कळलं. सुखदेवभाऊ शांतपणे म्हणाले, "भाऊ, हे तुमच्या पणजोबापाशी कसी येईन? हे तुमच्या आजोबाहूनबी लहान हाये. लेकरूच हाये." ठेकेदारानं माझ्याकडं पाहिलं. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. मला हसू आवरत नव्हतं.

पण असे आकडे, असे ठसे क्वचितच धड सापडायचे, आणि त्याला कारण आपणच. युरोपात बंदुका बनवणाऱ्या प्रत्येक गावचं तपासणीघर असे, तिथं दुप्पट दारू भरून नळी फुटत नाही ना ते बघायचे आणि ठसा मारायचे. लंडनचा वेगळा, बर्मिंगहॅमचा वेगळा, बेल्जियमचा वेगळा. तो ठसा म्हणजे बंदुकीचा जन्मदाखला. आणि आपले लोक काय करतात? दरवर्षी खंडेनवमीला शस्त्र पुजायचं म्हणून राख, चिंच, विटकरीची भुकटी, नाहीतर पॉलिश पेपर घेऊन ती घासतात, चाळीस चाळीस वर्षं. काटोलकडचे एक शेतकरी गृहस्थ अशी चकचकीत बंदूक घेऊन आले. नंबर गेलेला, ठसे गेलेले, लंडनच्या एका मोठ्या बंदूक-घराचं नाव तेवढं खोल कोरलेलं म्हणून उरलेलं.

सुखदेवभाऊंना मी चिडलेलं फार कमी वेळा पाहिलं. त्या दिवशी चिडले. "पूजा करता का आंघोळ घालता, पाटील? कुंकू लावा, फूल वाहा, हात जोडा. पोराचं तोंड पुसता पुसता नाक काढून ठेवलं तुम्ही."

"आमच्या घरात तं असंच चालत आलं हाये गा," पाटील ओशाळून म्हणाले.

अशा पुसलेल्या बंदुकीचं करायचं काय? तर लाकूड. हात घसरू नये म्हणून कुंद्याच्या मुठीपाशी बारीक तिरप्या रेघांची जाळी कोरलेली असते. सुखदेवभाऊ म्हणायचे, लोखंडाचा ठसा पुसता येतो, हाताचा नाही पुसता येत. रेघ कुठून सुरू झाली, कोपऱ्यावर वळताना कारागिराचा हात थांबला की वाहत गेला, यावरून ते बंदूक बनवणारं घर ओळखायचे. प्रत्येक बंदुकीच्या जाळीवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासायचे आणि छाप काढून घ्यायचे. खाली मालकाचं नाव. असे शेकड्यांनी छाप होते त्यांच्या पेटीत.

आणि एक छाप पेटीत नव्हता, भिंतीवर काच लावून टांगला होता.

तो सिव्हिल लाइन्समधल्या दादासाहेबांच्या बंदुकीचा. दादासाहेब म्हणजे जुने मालगुजार, जमीनदारच, मोठा बंगला, भिंतीवर रानरेड्यांची शिंगं. त्यांच्याकडं लंडनच्या त्याच मोठ्या घराची दुनळी बंदूक होती. ठसे शाबूत, नंबर शाबूत, कागद शाबूत, चामड्याची पेटी शाबूत. सुखदेवभाऊ विशी-बाविशीपासून वर्षातून एकदा तिला तेल द्यायला जायचे. दादासाहेबांची एकच ताकीद होती, पेच खोलायला पेचकस लावायचा नाही. बाहेरून पुसा, तेल द्या, जा. ते स्वतः समोर खुर्चीत बसून राहत. सुखदेवभाऊंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना ती जाळी बघायला मिळायची, तेवढं पुरे होतं. केसाएवढी रेघ, एकही कोपरा ओलांडलेला नाही.

"इंग्रजाचा हात हाये हा," ते भिंतीवरच्या छापाकडे बघून म्हणायचे. "असा हात आपल्याकडे होऊ नाही शकत. तीस वर्षं झाले मी हे शिकून राहिलो. येत नाही."

त्या घराचं नाव असलेली, ठसे पुसलेली बंदूक आली की ते भिंतीवरचा छाप खाली काढत, शेजारी ठेवत आणि जुळवत. जुळलं नाही की नक्कल. एकही कधी जुळली नाही. ते म्हणत, बरोबरच आहे, असा माल रस्त्यावर पडलेला नसतो.

त्यांचे वडील गोविंदा मिस्त्री. पलंग, चौरंग, बैलगाडीची चाकं आणि अधूनमधून कुंदे. सुखदेवभाऊ नऊ वर्षांचे असताना वडील गेले. वडिलांचं म्हणून घरात एक पलंग आणि दुकानात एक स्टूल उरलं होतं. ते स्टूल त्यांनी मला एकदा उलटं करून दाखवलं होतं. बुडाशी बोटाच्या पेराएवढं पिंपळपान कोरलेलं आणि खाली 'गो'. "दीक्षा घेतल्यावर बाबा प्रत्येक वस्तूवर हे करे. दिसन तिथं नाही, खाली, लपून." मग स्टुलावर हात फिरवून म्हणाले, "हात जड होता बाबाचा. मेहनती होता, पन जड." पलंगाच्या पायांवरून त्यांनी तसं ठरवलं होतं. दुसरं काही त्यांच्यापाशी नव्हतंच.

आता नंदनवनचे शामराव. हे सांगताना माझी जीभ जड होते.

शामराव तरुणपणी मँगनीजच्या खाणीवर एका गोऱ्या साहेबाचे ड्रायव्हर होते. साहेब शिकारीला निघाला की जीप हे चालवत, माग हे काढत. साहेब कायमचा विलायतेला गेला तेव्हा आपली दुनळी त्यानं शामरावांना दिली. रीतसर परवाना करून दिली. पुढं साठेक वर्षं त्या माणसाच्या आयुष्यात सांगण्यासारखी ही एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी सुना-नातवंडांना, गल्लीतल्या दुकानदारांना, सगळ्यांना सांगितली. वय झालं तेव्हा मुलानं, किशोरनं, बंदूक आपल्या नावावर करायला अर्ज केला. बनावटीच्या रकान्यात त्यानं शामरावांच्या सांगण्यावरून त्या मोठ्या घराचं नाव लिहिलं. मी नेहमीप्रमाणं सुखदेवभाऊंकडे पाठवलं. ठसे नव्हते. शामराव स्वतः दर दसऱ्याला साहेबाची आठवण म्हणून ती घासत आले होते.

सुखदेवभाऊंनी ती बंदूक दोन दिवस ठेवून घेतली. एवढा वेळ ते कधी लावत नसत. तिसऱ्या दिवशी मी दुकानात होते. शामराव बाकावर, हातात टोपी, शेजारी किशोर.

"बाबा, लोखंड मजबूत हाये," सुखदेवभाऊ म्हणाले, "पन लाकूड त्या घरचं नाही. नाव मागून कोरलं असन. नक्कल हाये."

"साहेबानं मले आपल्या हातानं देल्ली, मिस्त्री."

"देल्ली असन, बाबा. पन नक्कल देल्ली."

किशोर हसला. वाईट हेतूनं नाही, पण हसला. म्हणाला, पाहा, मी म्हणत होतो ना, ड्रायव्हरला कोण देतं लाखमोलाची बंदूक. शामराव टोपी डोक्यावर चढवून उठले. पंधरा दिवसांनी किशोरनं अर्ज मागं घेतला, नक्कल बंदुकीची कटकट नको म्हणून ती सरकारजमा करून टाकली. जमा झालेल्या बंदुका पुढं कापतात, भट्टीत घालतात. तो कागद माझ्या टेबलावरून गेला. मी त्यावर टिपण लिहिलं, सोबत तज्ज्ञाचा अभिप्राय जोडला आहे.

सात वर्षं गेली. दादासाहेब वारले. माझ्या नोकरीचे शेवटचे महिने होते. दादासाहेबांचा नातू अनिरुद्ध बंगळुरूहून आला, बंदूक नावावर करून घ्यायची होती. नंबर ताडून बघायला मी रजिस्टर घेऊन बंगल्यावर गेले. सुखदेवभाऊही आले, कारण कुंद्याच्या मागच्या टोकाची पट्टी हलत होती. त्यांनी तिला बोट लावलं आणि थांबले.

"दादासाहेब पेचकस नव्हते लावू देत."

"आजोबा गेले काका. खोला तुम्ही," अनिरुद्ध मोबाईलमध्ये बघत म्हणाला.

दोन पेच निघाले, पट्टी निघाली. सुखदेवभाऊंनी कुंदा खिडकीकडे धरला, जवळचा चष्मा चढवला, आत पाहिलं आणि तसेच राहिले. मला वाटलं, वाळवी असेल. मग ते फरशीवर बसले. खुर्ची बाजूला होती, तरी फरशीवर बसले. मी वाकून पाहिलं.

पिंपळपान होतं. खाली 'गो'.

पहिल्यांदा वाटलं, आपण काहीतरी भलतंच पाहतोय. सुखदेवभाऊंचा अंगठा त्या पानावरून हळूहळू फिरत होता. "बाबा," ते म्हणाले. मला नाही, अनिरुद्धलाही नाही. "बाबा, काय हात होता तुहा."

अनिरुद्धनं मोबाईलवरून मान वर केली. "हां, तो कुंदा बदललेला आहे. आजोबा जीपमधून पडले होते, तेव्हा तुटला म्हणे. इथल्याच कोणा मिस्त्रीकडून करून घेतला. जुने तुकडे असतील पेटीत, खालच्या कप्प्यात."

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा.

"घरात सगळ्यांनाच माहीत होतं. आजोबा पाहुण्यांना सांगायचे ओरिजिनल म्हणून. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं. तीस-चाळीस वर्षं एक माणूस दरसाल समोर बसून तेल देतोय, आपल्याच बापाच्या हाताला इंग्रजाचा हात म्हणून नमस्कार करतोय, आणि खुर्चीतला म्हातारा बघत बसलाय. तोंड उघडलं नाही त्यानं. त्याला हा पोरगा त्याच मिस्त्रीचा, हे माहीत नसेल का? सगळ्यांची आडनावं विचारणारा माणूस तो. मी अनिरुद्धला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

पण सुखदेवभाऊंचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. त्यांनी पेटीचा खालचा कप्पा उघडला होता. फडक्यात बांधलेले अक्रोडाचे तीन तुकडे. त्यांच्यावरची जाळी जराशी रुंद, कडेची रेघ गोलसर वळलेली. लंडनच्या कारागिराची खरी जाळी ती. त्यांनी एक तुकडा उन्हात धरला, आणि बापाचं पान बघताना चेहऱ्यावर जे काही आलं होतं ते भराभर उतरत गेलं. मी माणसाचा चेहरा असा उतरताना त्याआधी पाहिला नव्हता.

"मॅडम," ते म्हणाले, "नंदनवनच्या शामराव ड्रायव्हरची बंदूक कुठं हाये?"

मला उत्तर माहीत होतं. तरी मी रजिस्टरची पानं उलटली. लाज वाटते सांगायला, पण उलटली.

"कापली, भाऊ. तेव्हाच."

तुकडा घेऊन आम्ही ऑटोनं लकडगंजला आलो. दुकानातल्या छापांच्या पेटीतून त्यांनी शामरावांच्या बंदुकीचा छाप काढला आणि त्या तुकड्यावर ठेवला. रेघेवर रेघ बसली. गोल वळणावर गोल वळण बसलं. मला या कामातलं ओ का ठो कळत नाही, मलासुद्धा दिसलं. ते कितीतरी वेळ कागद उचलत आणि परत ठेवत राहिले.

"तुम्हाला काय माहीत, भाऊ," मी म्हटलं. "त्या म्हाताऱ्यानं फसवलं तुम्हाला."

"बुढ्यानं मले फसवलं. शामरावले मी फसवलं." मग म्हणाले, "त्या बंदुकीचं लोखंड पाहूनच मले वाटलं होतं, हे मोठ्या घरचं हाये. दोन दिवस ठेवली मी. मॅडम, खरं सांगू? नाव झाकलं होतं मी. पन बाकावरचा मानूस झाकला नव्हता. ड्रायव्हर हाये हे मले माहीत होतं. लाकूड पाह्यलं का मानूस पाह्यला, आता मले सांगता नाही येत."

हे ऐकून मला जो धक्का बसला तो पिंपळपानाहून मोठा होता. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी मानलं नसतं.

त्या घराचं नाव असलेल्या एकूण सहा बंदुका त्यांनी नक्कल ठरवल्या होत्या. सगळे छाप पुन्हा जुळवले. चार खरंच नक्कल निघाल्या. पाचवी काटोलच्या पाटलांची, ती अस्सल होती आणि अजून घरात होती, म्हणून चिठ्ठी बदलून देता आली. सहावी शामरावांची.

आम्ही रविवारी सकाळी नंदनवनला गेलो. मी जायला नको म्हणत होते. माझं टिपण होतं त्या फाईलला, म्हणून गेले. किशोरनं दार उघडलं. शामराव आतल्या खोलीत खाटेवर, पार वाळलेले, पण कान आणि डोकं शाबूत. सुखदेवभाऊंनी पायांना हात लावला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. बाप, कुंदा, छाप, तुकडा. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, "बाबा, तुमची बंदूक अस्सल होती. साहेबानं तुम्हाले आपलीच देल्ली. मी चुकलो. लिहून आनलं हाये." आणि नवी चिठ्ठी त्यांनी मोठ्यानं वाचली. किशोर दारात उभा होता, त्यानं मान खाली घातली.

मला वाटलं शामराव रडतील, नाहीतर शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अस्सल होती?"

"हौ बाबा."

"मंग सात वर्षं मी त्या मानसाले शिव्या देल्ल्या," शामराव म्हणाले. "रोज सकाळी उठून. म्हनलं, ज्याच्यासाठी मी रानात वाघापुढं चाललो, त्यानं मले जाताना खोटी वस्तू देल्ली. त्याचा फोटो होता माह्यापाशी. मी फाडला." त्यांनी किशोरकडं पाहिलं. "त्याचं नाव या घरात घ्याचं नाही म्हनलं होतं मी. नाही का रे?"

किशोरनं नुसती मान हलवली.

"चिठ्ठीत साहेबाचं नाव लिहा, मिस्त्री. त्यानं देल्ली असं लिहा."

सुखदेवभाऊ खाटेशी बसले, पेन उघडलं, चिठ्ठी मांडीवर धरली. "सांगा बाबा. काय नाव होतं?"

शामरावांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. हात कपाळाला लावला. किशोरकडं पाहिलं, पण किशोरनं ते परकं नाव कधी नीट ध्यानात ठेवलंच नव्हतं, तो त्याला नुसता साहेब म्हणून ओळखायचा. परवान्याचे जुने कागद आमच्या शाखेतून केव्हाच नष्ट झाले होते. मी मनातल्या मनात सगळी कपाटं उघडून पाहिली.

"होतं," शामराव म्हणाले. "जिभेवर होतं. सात वर्षं घेतलंच नाही ना. आता येऊन नाही राहिलं."

"येईन बाबा. घाई नाही," सुखदेवभाऊ म्हणाले. पेन तसंच उघडं.

नाव त्या दिवशी आलं नाही. सुखदेवभाऊंनी नंतर चिठ्ठ्या लिहिणं थांबवलं. शाखेनं पुष्कळ सांगून पाहिलं, त्यांनी हात जोडले. कुंद्याचं काम मात्र करत राहिले. भिंतीवरची काच तिथंच होती, फक्त खाली त्यांनी 'गोविंदा मिस्त्री, लकडगंज' असं लिहिलं होतं. रविवारी दुकान बंद ठेवून ते कुठं जातात, हे मला त्यांच्या मुलीकडून कळलं.

सुखदेवभाऊ वारले त्याच्या दोन महिने आधीची गोष्ट. एका रविवारी सक्करदऱ्याला माझ्या नणंदेकडं जेवण होतं. परतताना मी रिक्षा नंदनवनकडून घ्यायला सांगितली. शामरावांचं दार उघडंच होतं. मी पायरी चढले. म्हातारे भिंतीला टेकून बसलेले, डोळे मिटलेले. सुखदेवभाऊ खाटेशी प्लास्टिकच्या खुर्चीत, दुसरा चष्मा लावून, मांडीवर तीच चिठ्ठी, घड्यांवर झिजलेली, आणि पेन उघडं. मी हाक मारायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडं न बघताच हात वर करून मला थांबवलं. शामरावांचे ओठ हलत होते.